छत्रीवाला मेयर

आफ्रिकेतल्या एका शहराला मी एक मेयर जास्तीचा दिला आहे. त्याला कुणी निवडून दिलं नाही, त्याच्या गळ्यात कुणी साखळी घातली नाही, आणि त्या शहराचं त्याने कधी तोंडही पाहिलं नाही. तरी दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या दिवसांत उत्तनला आमच्या ओट्यावर रोज तिन्हीसांजेला त्याचं नाव घेतलं जायचं आणि घरातली-शेजारची सगळी माणसं मान खाली घालून त्याला हात जोडायची. मूर्खपणा सगळा माझा. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, मराठी चौथी पास होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

आता आपल्या मीरा-भाईंदरलाच महापौर आहे. परवा सिल्व्हर पार्कच्या घरात नात टीव्हीसमोर बसून म्हणाली, "आजी, महापौर म्हणजे नक्की काय गं करतो?" मी म्हटलं, "मला विचार. मी एक बनवला होता." ती हसली आणि फोनमध्ये शिरली. मग म्हटलं, लिहूनच काढावं. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही, त्या शहराचंही नाही. माणसं गेली, पण त्यांची नातवंडं भांडायला जिवंत आहेत.

माझं माहेर जुन्या भाईंदरात, खाडीकडे, मिठागरांच्या अंगाला. लग्न करून उत्तनला आले तेव्हा नवरा आफ्रिकेतून रजेवर आलेला होता. महिनाभर संसार झाला. त्यातले निम्मे दिवस मी लाजण्यात घालवले आणि उरलेले, आता आपण लाजणं थांबवावं का, या विचारात. तेवढ्यात त्याची रजा संपली. तो बोटीने गेला आणि त्याच्या पाठोपाठ लढाई समुद्रावर पसरली.

त्याची नोकरी होती त्या शहराच्या मेयरच्या दारावर शिपायाची. ती आधी माझ्या सासऱ्यांची. त्यांनी तिथं अर्धं आयुष्य काढलं, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा दार मुलाच्या हवाली केलं आणि गावी येऊन ओट्यावर बसले. त्यांना समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं. बोलणं कमी. मी त्यांना बाबा म्हणायची, म्हणजे मनात म्हणायची. मोठ्याने म्हणायची वेळ फारशी येत नसे, कारण सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. आणि मी रीत पाळणारी सून आहे असं सगळ्या गावाला वाटावं, यासाठी मी फार मेहनत घेत होते.

एके दिवशी निरोप आला. मुलाला रजा मिळाली आहे, बोटीवर जागाही मिळाली आहे, तो निघतोय. कुठली बोट, कधी सुटणार, कधी लागणार, हे कळवायला सरकारची बंदी होती. लढाईच होती ती. म्हणजे तो समुद्रावर असेल किंवा नसेल, उद्या दारात उभा राहील किंवा कधीच राहणार नाही. आमच्या कोळीवाड्यात बोटींची वाट बघायची सवय सगळ्या बायकांना असते. पण ती वाट बघायला तारीख असते, वारा असतो, भरती-ओहोटी असते. इथं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी देवळाची (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) घंटा झाली, आम्ही ओट्यावर गुडघे टेकले, माळ हातात घेऊन मेरीमातेची रोझरी म्हटली. किनाऱ्यावर दिवे लावायचे नाहीत असा हुकूम होता, त्यामुळे काळोख. रोझरी संपली की लदीन असायची. म्हणजे एकाने संतांची नावं एकामागून एक घ्यायची आणि बाकीच्यांनी दर नावाला 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर, असं म्हणायचं. लॅटिनचा अर्थ कुणाला पुरता ठाऊक नव्हता, पण पाठ सगळ्यांचं होतं. रोज सासूबाई लदीन सांगायच्या. त्या दिवशी त्या सुरू करायच्या आतच सासरे बोलायला लागले. हातात माळ, डोळे मिटलेले.

"पत्रेवाला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "ओरा प्रो नोबिस."

"आगगाडीवाला."

"ओरा प्रो नोबिस."

आता तुम्ही हसाल. पण आमच्या देवळात उभं राहून बघा. संत ओळखायचे कसे? हातातल्या वस्तूवरून. एकाच्या हातात किल्ल्या, एकाच्या पायाशी कुत्रा, एकाच्या खांद्यावर मूल. आम्ही लहानपणी त्यांना किल्लीवाला, कुत्रेवाला असंच म्हणायचो. मला वाटलं, आफ्रिकेचे संत वेगळे असतील. 'गटारवाला' आला तेव्हा मी जरा अडखळले खरी; पण लगेच मनाशी म्हटलं, पटकीच्या साथीत धावून येत असेल. आणि आधीपेक्षा दुप्पट भक्तीने त्याला ओरा प्रो नोबिस केलं. लंगड्याला केलं, दाढीवाल्याला केलं. घड्याळवाल्यानंतर पुन्हा दाढीवाला आला. एकच संत दोनदा? मला वाटलं, म्हाताऱ्यांची चूक झाली असेल, आपण सुनेने बोलू नये.

सासूबाईंनी शेवटी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "अगो येडे, ते साहेब हायत! मेयर! संत न्हायत!"

मी जमिनीत जायची बाकी होते. ओट्याच्या पायरीवर आमची शेजारीण बसलेली होती. ती भाईंदर स्टेशनाबाहेर मासळी विकायची, जीभ कोयत्यासारखी. ती पदर तोंडात कोंबून हसत होती. पण सासरे हसले नाहीत. डोळे न उघडता म्हणाले, "म्हनू दे तिला. त्या मेल्यांसाठी दुसरं कोन म्हननार हाय?"

आणि पुढे चालू लागले. बागवाला, भटजीसारखा बोलणारा, कुत्रेवाला, हसरा. आणि शेवटी, "आताचा. त्याच्या दारावर माजा पोर उभा हाय." मग माळ कपाळाला लावून खिशात टाकली.

तो त्यांचा नवस होता. कुठल्या देवाला, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सुके बोंबील निवडताना सासूबाईंनी मला समजावलं, तेव्हा मला थोडंफार कळलं. कचेरीत एक लांब ओसरी होती. तिच्या भिंतीवर पहिल्यापासूनच्या सगळ्या मेयरांचे फोटो ओळीने. रोज सकाळी सासरे या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पुसत जायचे. शेवटच्या फोटोच्या पुढे दार. आत बसलेला मेयर, बाहेर शिपाई. आता डोळे गेले, बोट दिसत नाही, समुद्र दिसत नाही. पण ती ओसरी त्यांना दिसत होती. रोज संध्याकाळी ते मनाने तिथून चालत जायचे, मुलगा दारावर आहे का बघायला.

"आनि एखादा चुकला तर?" मी विचारलं. सासूबाईंना विचारलं, पण ऐकायचं होतं ओट्यावरच्या माणसाने.

"चुकला तर दार गावत न्हाय," ओट्यावरून उत्तर आलं.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायला लागले. म्हणजे ते समुद्राकडे तोंड करून बोलायचे आणि मी मासळी साफ करता करता ऐकायची. त्या शहराच्या मेयरांचा सगळा इतिहास मी असा बोंबलांच्या वासात शिकले. सुरुवातीला तिथं शहर नव्हतंच, दलदल होती. रेल्वे बांधणाऱ्यांनी तंबू ठोकले, मग पत्र्याच्या शेडी. त्या पत्र्यांखाली पाच-सहा गोरे बसून ठरवायचे की पाणी कुठून आणायचं आणि घाण कुठं टाकायची. त्यांचा मुख्य तो नुसता चेअरमन. मग विलायतेच्या राजाचा कागद आला, की या गावाला आता मेयर असेल.

"कागद आयला म्हनून गटारं बांधली का?" शेजारणीने विचारलं.

"न्हाय. कागद आयला म्हनून पयली साखळी बनवली. सोन्याची. गटारं मागून."

ती साखळी वर्षातून एकदा जुन्या मेयरच्या गळ्यातून निघायची आणि नव्याच्या गळ्यात पडायची. मधल्या वेळात ती मखमलीच्या उशीवर असायची आणि उशी माझ्या सासऱ्यांच्या हातावर. एखाद्याला लोक पुन्हा निवडायचे, म्हणून दाढीवाल्याचे फोटो दोन. तिथल्या इंडियन व्यापाऱ्यांनी भांडून भांडून कौन्सिलात जागा मिळवल्या, भाषणं केली, एकदा सगळे उठून निघूनही गेले. पण मेयरची खुर्ची त्यांच्याकडे सरकली नाही. आणि ज्यांची ती जमीन, ते काळे लोक? त्यांना त्या पायऱ्या चढायच्या तर हातात झाडू घेऊनच.

"मग तुमी?" मी विचारून बसले. सुनेची रीत तोवर पार वाहून गेली होती.

बाबांनी काठी पायाशी ओढली. मग म्हणाले, "मी दाराच्या बाहेर उभा. कुनाला आत सोडायचं, कुनाला न्हाय, ते मना सांगून ठेवलेलं. कवा कवा वाटं, ते काम करायला नको होतं. पन पगार त्याचाच होता."

दिवस जात राहिले आणि नवरा येईना. रोज संध्याकाळी ओसरी चालायची. शेजारीण आणि तिच्या दोघी जावाही येऊन बसायला लागल्या. दर मेयरला ओरा प्रो नोबिस व्हायचंच. मी सुरू केलेला विनोद आता कुणाच्या तोंडी विनोद राहिला नव्हता. पाद्रींच्या कानावर गेलं तर काय, याची सासूबाईंना धास्ती. "साहेबलोक आपल्या देवळाचे पन न्हायत," त्या पुटपुटायच्या. पण हात जोडायच्या.

मग एके दुपारी शेजारीण भाईंदरहून रिकामी पाटी घेऊन परतली आणि घरी न जाता थेट आमच्या मागच्या दाराशी आली. तिने मला बाहेर बोलावलं. तिची जीभ त्या दिवशी जड झाली होती.

"स्टेशनावर गोदीतला मानूस भेटला. बोलतो, आफ्रिकेकडून एक बोट निघालेली, ती लागलीच न्हाय."

"कुठली बोट?"

"ते कोन सांगतंय बाय? तू घरात बोलू नको."

मी बोलले नाही. पण उत्तनमध्ये न बोललेली गोष्ट सगळ्यात आधी पसरते. दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्याकडे जाणारे पुरुष आमच्या घरासमोरून जाताना आवाज बंद करू लागले. आधी ते बाबांना हाक मारायचे, मासळी किती मिळाली ते सांगायचे. आता नुसते पाय ऐकू यायचे. बाबांना दिसत नव्हतं, पण शांतता बरोबर ऐकू येत होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, आणि ते विचारत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, बोंबील टांगायला गेले. एक होडी नुकतीच लागली होती. माणसं जाळ्याभोवती उभी होती आणि एकमेकांकडे बघत होती. जाळ्यात मासळीबरोबर एक पोहायचं जाकीट आलं होतं, बुचाचं, बोटीवर लोकांना गळ्यात घालायला देतात तसं. त्याच्यावर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं. एकाने मला बघितलं आणि त्याच्यावर शीड टाकायला गेला, पण उशीर झाला होता. नाखवा म्हणाला, "बाय, तू शिकलेली हायस. वाच काय लिवलंय."

शिकलेली! मराठी चौथी. गावभर मिरवून ठेवलं होतं ना मी, आता वाचा! इंग्रजीतलं एक अक्षर मला येत नव्हतं. पूर्ण कोळीवाड्यात तसली अक्षरं ओळखणारा एकच माणूस होता आणि त्याचे डोळे गेले होते. मी वाकले, त्या अक्षरांकडे बराच वेळ बघितलं, ओठ हलवले. मग सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "मुंबईचं हाय. गोदीतलं. वाहून आयलंय."

त्यांनी विश्वास ठेवला की नाही, देव जाणे. जाकीट त्यांनी वाळूत पुरलं. मी बोंबील टांगले. प्रत्येक बोंबील टांगताना वाटत होतं, माझ्या नवऱ्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. महिनाभरात लाजण्याऐवजी बघून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी सगळे लवकर जमले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रोझरी झाली. बाबांनी माळ हातात घेतली. पत्रेवाला. आगगाडीवाला. आवाज रोजच्यापेक्षा खाली. गटारवाला, लंगडा, दाढीवाला, घड्याळवाला, पुन्हा दाढीवाला. बागवाला.

"ओरा प्रो नोबिस."

आणि पुढे काहीच नाही.

आम्ही थांबलो. आधी वाटलं, श्वास घेतायत. मग माळेचा मणी बोटांत फिरायला लागला, तोच मणी, पुढे-मागे. लाट फुटली, परत गेली, दुसरी फुटली. "बागवाला," ते पुन्हा म्हणाले, मागे जाऊन धाव घ्यावी तसे. आणि पुन्हा तिथंच. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला काळोखातही जाणवला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, बांगडी मांसात रुतेपर्यंत. सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती: म्हातारा त्या ओसरीत मध्येच काळोखात उभा आहे, पुढे फोटो नाही, भिंत नाही, दार कुठल्या बाजूला ते कळत नाही. आणि दारावर माझा नवरा.

पुढचा कोण ते मला यायला हवं होतं. रोज ऐकत होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात मेयरच काय, माझं स्वतःचं नावही नव्हतं. जे सुचलं ते माहेरचं सुचलं. आमच्या मिठागरावर एक देखरेख करणारा होता. तो बांधावरून चालताना बारा महिने काळी छत्री उघडून चालायचा, ऊन असो की नसो, आम्ही पोरं त्याच्या मागे नकला करत जायचो.

"छत्रीवाला," मी म्हटलं.

ओटा थिजला. सासऱ्याला सून शब्द सुचवते! बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"कोन?"

"छत्रीवाला, बाबा. बागवाल्याच्या पुढचा."

"त्यानं काय केलं?"

हे मला अपेक्षित नव्हतं. शेजारणीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाण्यात पडलेय आणि तिच्याकडे दोर नाही.

"त्यानं... त्यानं बाजारावर छप्पर घातलं. मासळीवाल्या बायकांना ऊन लागायचं म्हनून."

बाबा माझ्या दिशेने बघत होते. त्यांना मी सावलीसारखी दिसत असेन. मग त्यांनी मणी पुढे ढकलला.

"छत्रीवाला."

"ओरा प्रो नोबिस," सगळ्यात मोठ्याने शेजारीण म्हणाली. तिच्यासाठी छप्पर घालणारा पहिलाच साहेब तो.

मग कुत्रेवाला आला, हसरा आला, आताचा आला. दार सापडलं. बाबांनी माळ कपाळाला लावली आणि सासूबाईंनी माझं मनगट सोडलं.

त्या रात्री मी स्वतःवर खूश होऊन झोपले. सकाळी उठले ती भीती घेऊन. नवसात मी खोटा माणूस घुसवला होता. खऱ्या वाटेवर खोटा फोटो लावला, तर वाट दुसरीकडेच जाईल, आणि माझा नवरा समुद्रात असेल तर माझ्यामुळे बुडेल, असं काहीतरी माझ्या चौथी पास डोक्यात बसलं. संध्याकाळी वाटलं, आज बाबांना खरा आठवेल. पण ते म्हणाले, "छत्रीवाला." दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. बागवाल्याच्या पुढचा खरा तो भटजीसारखा बोलणारा, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी, मासळी कापताना, अचानक आठवलं होतं. आता ते सांगायचं कसं? मी पाद्रींसमोर कबुलीजबाब द्यायला गेले, रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आला तेव्हा परत फिरले. काय सांगणार होते? फादर, मी पाप केलंय, मी मेयर केलाय?

वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत हे असंच चाललं. वाळूत पुरलेल्या जाकिटाबद्दल कुणी बोललं नाही. शेजारीण रोज स्टेशनावरून यायची, मी तिच्या तोंडाकडे बघायची, ती मान हलवायची.

मग एका संध्याकाळी लंगड्यापर्यंत पोहोचलो असू, तेव्हा कुंपणाशी काहीतरी हललं. मला वाटलं, कुणी शेजारी असेल, उशिरा आला असेल. तो आत आला नाही. काळोखात उभाच राहिला. दाढीवाला झाला, घड्याळवाला झाला. उभं राहायची ती पद्धत, एक खांदा थोडा खाली, पाय जुळवलेले, दारावर उभं राहणाऱ्या माणसाची, मी कुठंतरी पाहिली होती. मला ओरडावंसं वाटलं. तोंडातून 'ओरा प्रो नोबिस' एवढंच निघालं.

तोही बोलला नाही. मला नंतर कळलं, का ते. बाप मेलेल्यांची नावं घेतोय असं त्याला आधी वाटलं, आणि मग ओसरी ओळखू आली. रोज पुसायचा ना तोही ते फोटो. ती मध्येच तोडू नये, एवढं त्याला बापाकडूनच आलेलं.

"बागवाला. छत्रीवाला." सावलीने मान किंचित तिरकी केली. मी डोळे मिटून घेतले.

"कुत्रेवाला. हसरा." बाबांचा आवाज दमला होता. "आताचा. त्याच्या दारावर माजा पोर..."

"हाय, बाबा," कुंपणाकडून आवाज आला.

पुढचा गोंधळ मी लिहीत नाही. सासूबाईंनी त्याला मिठी मारण्याआधी दोन चापट्या मारल्या, एवढंच सांगते. त्याची बोट वाटेतल्या एका बंदरात अडकून पडली होती, पुढे सोडत नव्हते, कळवू देत नव्हते. भाईंदर स्टेशनावर उतरून तो मुर्धा, राई ही गावं करत चालत आला होता. ते जाकीट कुठल्या बोटीचं होतं, ते आम्हाला कधी कळलं नाही. कुणाच्या तरी घरी तिन्हीसांजेला कुणी तरी हात जोडून बसलं असेल, हे मला अजूनही मध्येच आठवतं.

रात्री ताटं वाढली. बोंबलाचं कालवण. मी पळी हातात घेऊन उभी, मान खाली, आदर्श सून. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "बाबा, छत्रीवाला कोन?"

पळीतलं कालवण चुलीवर सांडलं. सासूबाईंचा हात ताटात थांबला. मला वाटलं, संपलं. एवढं सगळं होऊन तो जिवंत घरी आलाय, आणि आता मी घराबाहेर.

बाबांनी घास गिळला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "किती वरसं त्या दारावर उभा हायस तू?"

"लय वरसं, बाबा."

"आनि छत्रीवाला म्हायत न्हाय? बाजारावर छप्पर कोनी घातलं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कालवणाकडे बघितलं. तो माणूस फार हुशार नव्हता, पण शिपायाचा मुलगा होता. कुणाला आत सोडायचं ते त्याला कळायचं.

"असंल, बाबा," तो म्हणाला. "माज्या नजरेतून सुटला असंल."

सकाळी मी वलांडीवर बोंबील उलटत होते. बाबा काठी टेकत तिथं आले, जिथं ते कधी येत नसत. मी पदर सावरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मिठागर, काळी छत्री, खोटं छप्पर, खरा विसरलेला मेयर, सगळं. ते ऐकत होते, तोंड समुद्राकडे. मी संपवलं तेव्हा त्यांनी काठी वाळूत घट्ट रोवली आणि म्हणाले:

"भटजीवानी बोलनारा, तो मना दुसऱ्या सकाळीच आठवलेला, बाय. पन तो इतकी वरसं माज्या समोरून गेला, कवा मान न्हाय हलवली. तुजा छत्रीवाला मना रोज हात धरून दारापरत न्यायचा. त्याला र्‍हाऊ दे तिथंच. फकस्त येवढं सांग, त्याला मिशी होती का? रोज फोटो पुसतो मी, तोंड दिसत न्हाय."